गुडघेदुखी एकटी येत नाही



अंबडला आमच्या शिबिरात गुडघे धरून येणाऱ्या प्रत्येक बाईचे पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते, "ताई, मत्स्योदरीच्या पायऱ्या आता होत नाहीत." या गावात गुडघे कसे आहेत हे टेकडीवरच्या त्या पायऱ्याच सांगतात. दुखणे ऐकून आम्ही गोळ्यांची एक पट्टी हातात द्यायचो आणि पुढच्या बाईला बोलवायचो. त्यात आमची मोठी चूक होत होती. ती मला एका मावशींमुळे कळली, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

या मावशी तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर राहतात. वय पंचावन्नच्या आसपास. दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, फडात वाकून तोडायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, असे तीस वर्षे चालले. दोन वर्षांपूर्वी शिबिरात मी त्यांना देणगीतून आलेल्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. गुण आला. पट्टी संपली तशी त्यांनी तीच गोळी बाजारातून आणायला सुरुवात केली. आधी दुखेल तेव्हा, मग रोज एक, पुढे रोज दोन. "गोळी घेतली की दिवस निघतो, ताई," असे त्या म्हणायच्या आणि मला बरे वाटायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना चार पावले चालताना धाप लागू लागली, पायांवर सूज आली. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब १८०/११०, साखर दोनशेच्या वर, हिमोग्लोबिन ७ आणि मूत्रपिंडाच्या तपासणीतही दोष निघाला. कित्येक महिने शौचास काळी होत होती, पण ती गोष्ट सांगण्यासारखी आहे असे त्यांना वाटले नव्हते. डॉक्टरांनी मला विचारले, "यांचा रक्तदाब याआधी कधी मोजला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षांत आम्ही त्यांच्या गुडघ्यांपलीकडे काही विचारलेच नव्हते.

सांध्यांची झीज आणि तिचे सोबती

ज्याला आपण सरसकट संधिवात म्हणतो, त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६० टक्के असून गुडघ्याचे रुग्ण सर्वांत जास्त आहेत.

जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर असे दिसले की, ही झीज असलेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण दोघांना आणखी किमान एक जुनाट आजार असतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, पोटातील व्रण आणि नैराश्य हे त्यांतले मुख्य.

असे का होते? एक कारण वय. दुसरे वजन. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोने हलका होतो. वाढलेले वजन जसे गुडघा झिजवते तसे साखर आणि रक्तदाबही वाढवते. तिसरे कारण म्हणजे बसून राहणे. गुडघा दुखतो म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून मांडीचे स्नायू सुटतात, साखर वाढते, वजन वाढते आणि गुडघा आणखी दुखतो.

पण आमच्या वस्तीवरच्या पुष्कळ बाया काटक्या असतात. त्यांचे गुडघे ओझ्याने आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेल्या कामाने झिजतात. म्हणून "ही तर बारीक आहे, हिला कसली साखर?" असे समजू नये. भारतात मधुमेह बारीक माणसांनाही होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांना उच्च रक्तदाब आहे. हे दोन्ही आजार बहुधा दुखत नाहीत. गुडघा दुखतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जाते.

गोळीचा हिशेब

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस घेतल्या तर उपयोगी आहेत. रोज, उपाशीपोटी, वर्षानुवर्षे घेतल्या तर त्या जठराचे अस्तर दुखावतात. तेथून थोडे थोडे रक्त जात राहते, शौचास डांबरासारखी काळी होते आणि अंगातले रक्त कमी होते. या गोळ्या शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, रक्तदाबाच्या औषधाचा परिणामही कमी करतात. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्यांनी घटतो. उन्हात, पुरेसे पाणी न पिता ऊस तोडणाऱ्या माणसाला हा धोका अधिक. हृदयविकार असलेल्यांनी तर त्या मनाने घेऊच नयेत.

याहून फसवी वस्तू म्हणजे बिननावाच्या पुड्या. काहींमध्ये स्टिरॉइड मिसळलेले असते. आराम जादूसारखा पडतो, पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

मनाचे दुखणे

रात्री ठणका, त्यामुळे झोप नाही, झोप नाही म्हणून दुखणे अधिक जाणवते. काम सुटले की घरातला मान कमी झाल्यासारखे वाटते. "आता मी कशाला उरले" असे आजी म्हणतात तेव्हा ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. तोही उपचार होण्यासारखा आजार असू शकतो.

आपण काय करावे

आता आमच्या शिबिरात गुडघा दाखवायला आलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर आधी मोजतो. कोणती गोळी, किती दिवस, हे पाकीट पाहून विचारतो. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, तळव्याला जखम आहे का हे पाहतो. झोपेची चौकशी करतो. सकाळी सांधे तासाहून अधिक वेळ आखडत असतील किंवा हाताची बोटे सुजत असतील, तर ती साधी झीज नसू शकते. अशांना डॉक्टरांकडे पाठवतो.

तिशीपुढील प्रत्येकासाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारावे.

गुडघ्यासाठी सर्वांत स्वस्त औषध व्यायाम. खाटेच्या काठावर बसून एक पाय सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत धरावा, खाली ठेवावा. असे दोन्ही पायांनी दहा दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट रस्त्यावर चालावे. बहुतेक रुग्णांच्या साखरेला आणि रक्तदाबालाही याच चालण्याचा फायदा होतो, मात्र हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. काळी शौच, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छातीत दुखले किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच १०८ ला फोन करावा.

मावशींचा रक्तदाब आता आटोक्यात आहे, रक्त वाढले आहे. मूत्रपिंडाचे झालेले नुकसान किती भरून येईल हे डॉक्टर पाहत आहेत. गुडघा अजून दुखतो, पण हापशापर्यंत त्या स्वतः चालत जातात.

आपल्या मंडळीतून दर वर्षी वेदनाशामक गोळ्यांचे खोके प्रेमाने येतात. माझी नम्र विनंती आहे की या वर्षी गोळ्या पाठवू नयेत. त्याच पैशांत रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या येतात. आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात कोणी गुडघा चोळत बसले असेल, त्यांनी आज त्यांच्या उशाखालचे गोळ्यांचे पाकीट एकदा पाहावे.