ऊसतोड कामगार महिलांचे आरोग्य आणि फॅमिली डॉक्टरांची भूमिका

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. परिणामी स्त्रिया पाळीच्या तक्रारी व जंतुसंसर्ग अंगावर काढतात आणि पुढे गर्भाशय काढणे हाच उपाय त्यांना सुचविला जातो. या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. हंगामागणिक डॉक्टर बदलत असल्याने उपचारांत सातत्य राहत नाही. गावातील फॅमिली डॉक्टरांनी प्रस्थानापूर्वी तपासणी करून आजाराची नोंद सोबत दिली आणि शस्त्रक्रियेआधी औषधोपचाराचा पर्याय समजावून सांगितला, तर अनावश्यक शस्त्रक्रिया टाळता येतील.