तबली, पाठ आणि नगरची हवा

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात विणेकरी गळ्यात वीणा घालून उभा राहतो. पहारा बदलला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचं तंतुवाद्याशी नातं हे असं, भक्तीचं. वाद्य घडवण्याची पेठ मात्र मिरज. त्यामुळे नगरच्या एखाद्या हौशी सुतारानं किंवा वादकानं हातानं अकूस्टिक गिटार घडवायची म्हटली, तर पहिला प्रश्न हमखास लाकडाचा निघतो: शिसव घ्यावं, साग घ्यावा की परदेशी मागवावं? माझ्या मते या प्रश्नाचा क्रम चुकतो. आधी हवा पाहावी, मग तबली, म्हणजे गिटारच्या पेटीची वरची फळी, मग दांडी. पाठीच्या लाकडाचं नाव सर्वांत शेवटी.

हवेपासूनच सुरुवात करू. एकाच जिल्ह्यात इतकी टोकं क्वचित सापडतात. अकोले तालुक्यात घाटघरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पर्जन्यछायेत उतरलं की नगर शहरात तो जेमतेम साडेपाचशे-सहाशे. एप्रिलच्या दुपारी नगरच्या हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, श्रावणात ती ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड ओलावा घेतं तसं फुगतं आणि सोडतं तसं आक्रसतं. तेही रेषांच्या आडव्या दिशेनं, लांबीत जवळजवळ नाहीच. चाळीस सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची तबली पंचेचाळीस टक्के आर्द्रतेत चिकटवली आणि पुढं ती वीस टक्क्यांत राहिली, तर ती दोन मिलीमीटरहून अधिक आक्रसू पाहते. पण कडा चिकटलेल्या, आतून पट्ट्या मारलेल्या. आक्रसायला वाव नाही म्हणून ती तडकते. जगभरचे कारागीर चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेच्या खोलीतच चिकटकाम करतात, त्याचं कारण हे. नगरमध्ये पावसाळ्यात गिटार जुळवून उन्हाळ्यात वाजवायला काढणं म्हणजे तडा मागून घेणं. पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने, दारं लावून घेतलेली खोली आणि भिंतीवर स्वस्तातलं आर्द्रतामापक, एवढ्यानं अर्धं काम होतं.

आता तबली. गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्र ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास जातो. तो पेलायचा तीन मिलीमीटरहून कमी जाडीच्या फळीनं, आणि पेलता पेलता थरथरायचंही. म्हणून वजनाला हलकं पण रेषांच्या दिशेनं ताठ असं लाकूड लागतं. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या सिटका स्प्रूसची ख्याती या गुणावर उभी आहे. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे, त्रिज्येनं चिरलेली फळी घ्यायची. तिच्या वर्षवलयांच्या रेषा जवळजवळ, सरळ आणि पृष्ठभागाशी काटकोनात हव्यात.

जाडी रंध्यानं उतरवताना एक हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तीन मिलीमीटरची तबली २.७ वर आणली, तर ताठपणा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटतो. म्हणून कारागीर दर दोन-चार हातांनंतर थांबतो, फळी दोन बोटांत कडेशी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि दोन्ही हातांनी किंचित वाकवून पाहतो. आवाज बसका, बंद येत असेल तर अजून तासायचं. मोकळा, लांबणारा आला की रंधा खाली. पुढं आतल्या पट्ट्यांचं काम येतं. स्पेनच्या अँतोनिओ दे तोरेसनं एकोणिसाव्या शतकात पंख्यासारखी मांडणी रूढ केली, तर जर्मनीहून १८३३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या सी. एफ. मार्टिननं फुलीची. पोलादी तारांच्या गिटारला आज फुलीचीच मांडणी बहुतेक जण वापरतात.

याच तोरेसनं १८६२ मध्ये एक गिटार केली. तिची तबली स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू कागदी पुठ्ठ्याच्या. आवाज तबलीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. दीडशे वर्षांनी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच मुद्दा शास्त्रशुद्ध तपासला. सहा गिटार एकाच कारागिराकडून, एकाच आराखड्यावर करवून घेतल्या. पाठी-बाजू मात्र ब्राझिलियन रोझवूड, आपलं शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सॅपेली अशा सहा लाकडांच्या. बावन्न वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालून, मंद उजेडात त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गिटारांना मिळालेल्या गुणांत फारसा फरक नव्हता, आणि आवाजावरून लाकूड ओळखणं वादकांना भरवशानं जमलं नाही.

मग पाठीच्या लाकडाला एवढा भाव का? त्याचा इतिहास आपल्या सह्याद्रीला येऊन भिडतो. ब्राझीलनं रोझवूडच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली, तेव्हा १९६९ मध्ये मार्टिन कंपनीनं शिसवाकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे पाट, पलंग आणि देवघरात मुरलेलं हे लाकूड तेव्हापासून जगभरच्या गिटारांच्या पाठीवर गेलं. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोझवूड धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या सर्वांत कडक यादीत गेलं. २०१७ मध्ये शिसवाच्या अख्ख्या कुळावर परवान्याची अट आली. २०१९ अखेर तयार वाद्यांना तिच्यातून सूट मिळाली. दुर्मीळता वाढली तशी किंमत चढली आणि किमतीला आवाजाची कीर्ती चिकटली.

नगरच्या वखारीत मिळणाऱ्या लाकडांकडे या नजरेनं पाहिलं, तर पाठ-बाजूंसाठी चिंता उरत नाही. साग कमी आक्रसतो, म्हणून आपल्या विषम हवेला तो मानवतो. त्याच्या अंगात तेल असतं, तेव्हा चिकटवण्याआधी जोडाची जागा अ‍ॅसिटोननं पुसावी; आणि सिलिकाही असते, म्हणून रंध्याचं पातं वारंवार पाजळावं लागतं. शेताच्या बांधावरचा साग असला तरी तो तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. जुन्या वाड्यांच्या मोडीतलं, वर्षानुवर्षं वाळलेलं सागवान त्यामुळे अधिक सोयीचं. बाभूळ तर जिल्हाभर आहे. तिनं आजवर औतं आणि बैलगाड्या पेलल्या. हवाईच्या नामांकित गिटारांचं कोआ आणि ऑस्ट्रेलियाचं ब्लॅकवूड ही तिचीच भावकी. बाभूळ जड आहे, पण तिचा कडक गाभा दांडीवरच्या पडद्यांच्या पट्टीला उपयोगी पडेल. दांडीला साग किंवा हलकी, न वाकणारी शिवण चालेल.

पडद्यांच्या बाबतीत मात्र मिरजेची सवलत इथं नाही. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येणारे. गिटारचे पडदे एकदा ठोकले की ठोकले. तारेची लांबी ६४८ मिलीमीटर धरली, तर तिला १७.८१७ नं भागून पहिला पडदा दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून ३६.४ मिलीमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं की दुसरा, असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ वर. अर्ध्या मिलीमीटरची चूकही कानाला खुपते.

तरीही मिरजेकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना पाणी देणारी शिकलगार मंडळी तिथं वाद्यांकडे वळली. तूनचं लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे यांतून त्यांनी पेठ उभी केली. नगरच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी भीमाच पुढं त्या भोपळ्यांच्या मुलखात जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराचा खरा कस लागतो जव्हारीत. घोडीचा माथा कानसेनं अशा बेतानं घासायचा की तार त्याला हलकेच शिवत राहील. या वक्र घोडीमुळे उमटणाऱ्या स्वरांशांचा चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये अभ्यास मांडला होता. गिटारला उलट हवं: तार घोडीवरून एका रेषेवर स्वच्छ सुटली पाहिजे. पण हात आणि कान तेच लागतात.

म्हणून खर्चाची विभागणी अशी करावी. सर्वांत जास्त पैसे तबलीला, ती बाहेरून मागवावी लागली तरी. त्याखालोखाल खुंट्या आणि पडद्यांची तार. सरस ताजा, पॉलिशचा चपडा ताजा. पाठ, बाजू आणि दांडी नगरच्या वखारीतून; शिसवाचा हट्ट नको. अकोल्यात वाजवायची गिटार आणि जामखेडला वाजवायची गिटार एकाच आराखड्यावर होईल, पण सांभाळायची पद्धत वेगळी: एकीच्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या, दुसरीच्या पेटीत उन्हाळाभर ओलसर स्पंज. गिऱ्हाइकानं ‘लाकूड कुठलं?’ असं विचारलं, तर कारागिरानं त्याला आधी ‘राहता कुठं?’ असं विचारावं.