रशियन क्रांतीची चित्रसाक्ष

इतिहासाच्या अभ्यासात छायाचित्रे व चित्रफिती यांना प्राथमिक साधनांचे स्थान आहे. तथापि, कॅमेऱ्याने टिपलेले प्रत्येक दृश्य म्हणजे निखळ वस्तुस्थिती, असे मानणे योग्य नाही. १९१७ ची रशियन क्रांती हे याचे बोलके उदाहरण होय.

नसलेल्या चित्राची निर्मिती

फेब्रुवारी क्रांतीच्या काळात पेट्रोग्राडच्या रस्त्यांवर उसळलेल्या जनसमुदायाचे चित्रण उपलब्ध आहे. ऑक्टोबर क्रांतीचा निर्णायक प्रसंग मात्र रात्रीचा होता. हंगामी सरकारचे मंत्री असलेला हिवाळी राजवाडा बोल्शेविकांनी ७-८ नोव्हेंबरच्या (जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार २५-२६ ऑक्टोबरच्या) रात्री ताब्यात घेतला. या हल्ल्याचे प्रत्यक्ष चित्रण झालेच नाही.

ही उणीव पुनर्निर्मितीने भरून काढली. १९२० मध्ये क्रांतीच्या तिसऱ्या वर्धापनदिनी निकोलाय एव्रेइनोव यांनी राजवाड्यासमोरच हजारो जणांच्या सहभागाने या हल्ल्याचा नाट्यप्रयोग सादर केला. त्याचे एक छायाचित्र, त्यातील प्रेक्षक पुसून, पुढे मूळ घटनेचे म्हणून प्रसिद्ध झाले. सर्गेई आयझेनस्टाईन यांच्या 'ऑक्टोबर' (१९२८) या चित्रपटातील दृश्येही कालांतराने अस्सल चित्रण म्हणून वापरली गेली.

संकलनातून अर्थ

एस्फिर शुब यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यांनी जुने वार्तापट व झारच्या दरबारी छायाचित्रकारांनी घेतलेल्या चित्रफिती शोधून 'रोमानोव्ह राजघराण्याचा अस्त' (१९२७) हा माहितीपट संकलित केला. उमरावांच्या नृत्यानंतर कष्टकऱ्यांची दृश्ये जोडून त्यांनी विषमता दाखविली. झारच्या गौरवासाठी घेतलेले चित्रण अशा रीतीने झारशाहीविरुद्धचा पुरावा ठरले. येथे दृश्ये अस्सल आहेत. त्यांचा अर्थ मात्र संकलनातून घडलेला आहे.

वगळलेल्या व्यक्ती

५ मे १९२० रोजी मॉस्को येथे लेनिन भाषण करीत असतानाच्या छायाचित्रात व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की व कामेनेव्ह दिसतात. स्टालिनच्या राजवटीत प्रसिद्ध झालेल्या प्रतींतून ते दोघे नाहीसे झाले. म्हणजेच, चित्रातून काय वगळले हेदेखील त्या राजवटीविषयीचा पुरावाच ठरते.

सारांश, चित्र कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने घेतले, तसेच ते पुढे कोणी व कसे वापरले, हे तपासल्यानंतरच त्याला साक्षीचे मोल प्राप्त होते. 'ऑक्टोबर' हा चित्रपट १९१७ पेक्षा १९२८ च्या सोव्हिएत रशियाविषयी अधिक विश्वसनीय माहिती देतो.