माहितीसाठ्याची विचारपूस

कलकत्त्यानजीक डमडम येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ साली निघाला. मराठी गाण्यांच्या तबकड्याही तेथे तयार होत. त्या तबकड्यांची नोंद संगणकात केली आहे असे समजा. एका कोष्टकात तबकडीचा क्रमांक, गाणे व गायकाचा क्रमांक. दुसऱ्यात गायकांची नावे. गायकाचा क्रमांक या दोहोंस जोडतो. अशा साठ्यास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याची उपपत्ती एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली.

नवख्याच्या हाती हा साठा आला, तर आत काय आहे हे त्याने कसे ओळखावे? साठ्याच्या रचनेचे वर्णनही कोष्टकांतच असावे व ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे, असा कॉड यांचा १९८५ मधील एक नियम आहे. खरी खुबी येथेच आहे. ‘मायएसक्यूएल’ या सर्व्हरला ‘शो टेबल्स’ अशी आज्ञा दिली की कोष्टकांची यादी येते. ‘डिस्क्राइब’ या शब्दापुढे कोष्टकाचे नाव लिहिले की त्याचे रकाने कळतात; कोणत्या रकान्यात अंक, कोणत्यात अक्षरे, कोणता रिकामा चालतो, हेही दिसते. ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा त्या क्षणी कोण जोडलेले आहे आणि कोण किती सेकंद सध्याच्याच अवस्थेत आहे ते सांगते.

या आज्ञांनी साठ्यातील एक अक्षरही बदलत नाही. ‘ड्रॉप टेबल’ ही आज्ञा मात्र सबंध कोष्टक पुसून टाकते. म्हणून ती देण्यापूर्वी जाणता माणूस आपण कोणत्या साठ्यात आहोत हे सर्व्हरलाच विचारून घेतो. चाचणीचा साठा समजून खरे कोष्टक पुसले गेले, तर आधी काढून ठेवलेली प्रत असेल तरच ते परत मिळते.