बॅटरीची नाडीपरीक्षा

मुळा नदीवरील मुळशीचें धरण टाटांनीं बांधलें, तें मुंबईस वीज पुरविण्यासाठीं. त्यापायीं गांवें आणि भातखाचरें पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ सालीं विनायकराव भुस्कुटे व सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. तो १९२४ पर्यंत चालला. तरी धरण व्हावयाचें तें झालेंच. आजही या तलावाचें पाणी सह्याद्रि उतरून कोंकणांत भिरा येथें वीज निर्माण करतें. अशा तलावाच्या काठीं आमचें वडिलोपार्जित घर आहे. आणि श्रावणांतल्या वादळी रात्रीं दिवे गेले म्हणजे आम्हांस आधार उरतो तो माजघराच्या कोपऱ्यांतील बॅटरीचा!

गेल्या श्रावणांत त्या आधारानेंच आम्हांस दगा दिला. आमच्या आजींना रात्रीं प्राणवायूचें यंत्र लावावें लागतें. वीज जातांच यंत्र बॅटरीवर चालूं लागलें आणि बारा मिनिटांत बंद पडलें. डॉक्टरांच्या आग्रहावरून एक सिलिंडर घरांत ठेविलेला होता म्हणून बरें. परंतु तो लावीपर्यंतचे चार क्षण घरांतील कोणीही विसरणार नाहीं. नवल असें कीं, त्याच दिवशीं सायंकाळीं धाकट्या भावजींनीं मीटर लावून पाहिला होता आणि कांटा तेराच्याही वर होता!

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. घरांत अशा दोन बॅटऱ्या आहेत. एक आजींच्या खोलीची, दुसरी उरलेल्या घराची. दोन्ही एकाच दिवशीं घेतलेल्या. "एक गेली म्हणजे दुसरीही गेलीच, दोन्ही बदला," असा त्यानें निवाडा दिला. खर्च थोडाथोडका नव्हता. तेव्हां, रोग्याची नाडी पाहिल्यावांचून त्याचे दिवस भरले असें आपण म्हणत नाहीं, मग बॅटरीचेंच तेवढें कां म्हणावें, असा विचार करून आम्हीं दोन्ही बॅटऱ्यांची रीतसर परीक्षा करण्याचें ठरविलें.

शिसें आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ मध्यें प्रथम तयार केली. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावून इंजिन सुरू करते आणि मोकळी होते. घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी मात्र तासन् तास सावकाश रिकामी होते व पुन्हा भरते. गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना हिंडविणाऱ्या विजेच्या गाडीची बॅटरीही याच जातीची. म्हणून दोहोंची परीक्षाही एकच.

बारा व्होल्टच्या बॅटरीच्या पेटींत सहा सेल एकापुढें एक जोडलेले असतात, आणि एकच प्रवाह सहाही सेलांतून जातो. एक सेल थकला कीं पांच धडधाकट सेलांची शक्ति वायां जाते.

पहिली परीक्षा व्होल्टची. नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर मीटर लावणें व्यर्थ, कारण तो दाब वरवरचा असतो. आमच्या भावजींची फसगत झाली ती येथेंच. बॅटरी पूर्ण भरून, सर्व तारा सोडून, निदान सहा तास ती स्वस्थ ठेवावी आणि मग पाहावें. आम्हीं तसें केलें तेव्हां आजींच्या बॅटरीवर १२.३६ व्होल्ट दिसले. निरोगी असती तर साडेबाराच्या जवळपास दिसते. म्हणजे एवढा मोठा रोग, आणि मीटरवर फरक केवळ एक दशांश व्होल्टचा!

दुसरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. हायड्रोमीटर ही रबरी फुग्याची कांचेची नळी थोड्या पैशांत मिळते. एकेका सेलाचें बूच काढून नळींत द्रव ओढावा आणि आंतील तरंगता कांटा कोठें थांबतो तें टिपून ठेवावें. घरांतील ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरली म्हणजे बहुधा १.२४० चा अंक येतो, तर गोल्फच्या गाडीच्या बॅटरींत तो १.२८० च्या आसपास असतो. म्हणून कारखानदारानें दिलेला अंकच प्रमाण मानावा. द्रव तापलेला असेल तर दर दहा अंश उष्णमानास सुमारें ०.००७ मिळवावे. आजींच्या बॅटरीचे पांच सेल १.२३५ ते १.२४० भरले, तिसरा मात्र अवघा १.१२०! दुसऱ्या बॅटरीचे सहाही सेल १.१९० वर होते. येथेंच सारें मर्म आहे. सहाही सारखे खालावले असतील तर बॅटरी बहुधा उपाशी आहे. एकच खालावला असेल तर तो आजारी आहे. उपाशी बॅटरी आम्हीं दोन दिवस सावकाश भरली, तेव्हां सर्व सेल १.२३५ वर आले. आजारी सेल मात्र तसूभर हालला नाहीं.

तिसरी परीक्षा भाराची, आणि खरी कसोटी हीच. शंभर वॅटचे तीन जुने तारेचे दिवे लावून आम्ही घड्याळ घेऊन बसलों. १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी एवढा भार साधारण साडेतीन तास पेलते. दाब साडेदहा व्होल्टांवर उतरला कीं परीक्षा थांबवावी. त्याखालीं बॅटरीस इजा होते. आजींची बॅटरी पाव तासांत तेथवर उतरली; दुसरी सव्वातीन तास टिकली. ती निकालांत काढण्याचें कांहींच कारण नव्हतें.

गोल्फच्या गाडींत अशा कित्येक बॅटऱ्या जोडलेल्या असतात. तेथें गाडी चालवून भार असतांनाच प्रत्येकीवर मीटर लावावा. इतरांहून अर्धा व्होल्ट खालीं असेल तीच दोषी. बुचें नसलेल्या बंद बॅटरीस दुसरी परीक्षा लागू नाहीं. पहिली आणि तिसरी यांवरच भिस्त ठेवावी.

हें काम करतांना बांगड्या, अंगठी काढून ठेवाव्या, डोळ्यांस चष्मा लावावा, खोलीचीं दारें उघडीं ठेवावीं आणि जवळ दिवा किंवा उदबत्तीही नसावी. भरत्या बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु भडकतो. ॲसिड सांडल्यास त्यावर खाण्याचा सोडा टाकावा. अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें.

आतां तिसरा सेल कां मेला तें सांगितलें पाहिजे, कारण त्यांत आमचाच अपराध आहे. त्यांतील पाणी आटून पत्रे उघडे पडले होते. चौदा माणसांचें आमचें घर! काकूंना वाटे भावजी पाणी घालतात, भावजींना वाटे थोरले पाहतात, आणि थोरल्यांची समजूत कीं ही बायकांच्या लक्षांतली गोष्ट. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, ही म्हण आम्हीं आजींच्या श्वासावर पारखून घेतली.

तेव्हांपासून बॅटरीजवळ खुंटीला एक वही टांगली आहे. नव्या बॅटरीची पहिली परीक्षा तींत पहिल्या पानावर लिहिली, कारण पुढील प्रत्येक परीक्षा त्या अंकांशींच ताडून पाहावयाची. दर महिन्यास पाण्याची पाहणी, दर तीन महिन्यांनीं गुरुत्व, आणि मृगापूर्वीं भाराची कसोटी. पुढें ज्याची पाळी त्याचें नांव व सही. पाणी घालावयाचें तें डिस्टिल्डच, आणि बॅटरी भरल्यानंतर. ॲसिड कधींही नाहीं. नव्या बॅटरीचा टिकाव पहिल्या परीक्षेच्या चार पंचमांशांवर आला कीं ती बदलावी. जुनी विक्रेत्यालाच परत द्यावी. शिसें विषारी असतें आणि २०२२ च्या नियमांनीं ती परत घेण्याची जबाबदारी ठरवून दिली आहे.

परवां पुन्हा वीज गेली. यंत्र अखंड चाललें. सकाळीं चहा घेतांना आजींनीं विचारलें, "रात्रीं दिवे गेले होते कां रे?" या प्रश्नानें आम्हांस जें समाधान झालें, तें कोणत्याही मीटरच्या कांट्यानें मोजतां येणार नाहीं.