जुने अंक : रद्दी की नोंदवही?

शाळेत तक्ता करायचा ठरला की वन्यजीवांवरच्या जुन्या मासिकांना कात्री लागते. वाघ तक्त्यावर चिकटतो, आणि तो कोठे व कोणत्या वर्षी दिसला हे सांगणारी ओळ उरलेल्या पानाबरोबर रद्दीत जाते. अभ्यासकाला चित्राइतकीच ती ओळ हवी असते.

चित्त्याचे उदाहरण घेऊ. १९४७ साली कोरिया संस्थानात (आजचे छत्तीसगड) तेथील महाराजांनी रात्री मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते मारले. भारतातले शेवटचे चित्ते म्हणून सहसा यांचाच उल्लेख होतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, १८८६ पासून निघणाऱ्या जर्नलमध्ये ही हकीकत १९४८ साली छापली गेली. ती वाचून संपादकांना इतकी किळस आली की केराच्या टोपलीत टाकावी असेच त्यांना प्रथम वाटले. मग दोषारोप म्हणून ती छापत आहोत, असे टीपेत लिहून त्यांनी ती छापली. टोपलीत गेली असती तर एक पुरावाच गेला असता! चित्ता पूर्वी कोठे कोठे होता याचा नकाशा अशाच नोंदी जोडून तयार होतो.

मात्र छापले आहे म्हणून सारे जसेच्या तसे घेऊ नये. शिकारकथांत वाघाची लांबी दिलेली असते. ती फीत पाठीच्या वळणांवरून फिरवून मोजली, की नाकाशी व शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ? दोन्हींत काही इंचांचा फरक पडतो. शिवाय एखाद्या जंगलाची नोंद नाही म्हणजे तेथे प्राणीच नव्हते, असे नव्हे. तेथे कोणी लिहिणारा गेला नसेल.

‘हॉर्नबिल’ (१९७६ पासून) किंवा ‘सँक्चुअरी’ (१९८१ पासून) यांचे सुटे अंक रद्दीच्या दुकानात अजूनही सापडू शकतात. ते टिकवायचे तर कागदाचे रसायनशास्त्र ध्यानात घ्यावे. हलक्या कागदातील लिग्निन उजेडाने व हवेने पिवळे पडते; आम्ल आणि ओलावा मिळून सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात व पान ठिसूळ होते. म्हणून अंक दमट भिंतीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, त्याचा गोंद कागदात मुरून डाग पडतो. गंजलेल्या पिना हलकेच काढून दोऱ्याने शिवावे.

तक्त्यासाठी चित्र हवेच असेल, तर झेरॉक्स काढावी आणि मागे मासिकाचे नाव, महिना, वर्ष व पान लिहावे.