केळशी गांव आणि समुद्रावरील वादळें

देवरूखाहून समुद्र दिसत नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं शेती करणाऱ्या आमच्या तालुक्यांतील पुष्कळांची समजूत अशी कीं, समुद्रावरील वादळ ही खलाशांची व मच्छीमारांची चिंता. आपल्यास भय तें पावसाच्या ओढीचें आणि रानडुकरांचें. ही समजूत सन २०१९ च्या दिवाळींत ढळली. 'क्यार' नांवाचें वादळ किनाऱ्यास न लागतां खोल समुद्रांतूनच निघून गेलें. परंतु त्याच्या पावसानें आमचें कापलेलें भात शेतांतच भिजलें व कित्येक ठिकाणीं लोंब्यांस मोड फुटले. म्हणून ज्यांचा वादळाशीं पिढ्यान् पिढ्यांचा संबंध आहे, अशा एका किनारी गांवाची हकीगत सभासदांपुढें ठेवणें आम्हांस उपयुक्त वाटतें. तें गांव म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील केळशी.

केळशी भारजा नदीच्या मुखाशीं वसली आहे. एका बाजूस खाडी, समोर पुळण, मागें डोंगर, आणि मधल्या सपाट पट्टीवर घरें व वाड्या. रस्ते अरुंद, दोहों बाजूंस चिऱ्याचे गडगे. गडग्याआड माड, माडांखालीं पोफळी, पोफळींवर मिरवेल, आणि सावलींत जायफळ व केळी. ही मांडणी केवळ शोभेची नव्हे. उंच माड वरचा वारा झेलतो, दाट पोफळी एकमेकींस आधार देतात, गडगा जमिनीलगतचा झोत अडवितो, आणि उतरत्या कौलांचें बुटकें घर या सर्वांच्या आडोशास राहतें. वाऱ्यापुढें उभें कसें राहावें, हें गांवानें अनुभवानें शिकून आपल्या रचनेंत उतरविलें आहे.

या आडोशांत सर्वांत मोठा म्हणजे खाडीच्या मुखाशीं असलेली वाळूची टेकडी. तिची उंची सुमारें १८ मीटर, म्हणजे जवळजवळ साठ फूट. सन १९९० च्या सुमारास खाडीवरील पुलाच्या रस्त्याकरितां ही टेकडी कापली, तेव्हां तिच्या पोटांतून मानवी हाडें व जुनीं खापरें निघालीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनीं तिचा अभ्यास करून असें मत मांडलें कीं, ही वाळू हळूहळू सांचलेली नसून सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं समुद्राच्या एका प्रचंड लाटेनें आणून टाकली असावी. इ. स. १५२४ च्या सप्टेंबरांत वास्को द गामाचें आरमार दाभोळच्या समुद्रांत असतां वारा नसतांना समुद्र एकाएकीं खवळून उठला, ही इतिहासप्रसिद्ध गोष्ट या मताच्या पुष्ट्यर्थ सांगतात. दुसरे विद्वान टेकडीचें कर्तृत्व वाऱ्याकडे देतात. निर्णय कोणताहि होवो, शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध एकच. समुद्रानें वा वाऱ्यानें दिलेली ही भिंत गांवास फुकट मिळाली; ती कापावयास थोडे दिवस पुरतात, परंतु पुन्हां उभारणें कोणाच्याहि हातीं नाहीं.

आतां वादळ कसें उत्पन्न होतें तें थोडक्यांत पाहूं. समुद्राचें पाणी सुमारें २६॥ ते २७ अंश सेल्सिअसहून अधिक तापलें म्हणजे त्यावरील बाष्पयुक्त हवा हलकी होऊन वर चढते. तिची जागा घेण्यास चहूंकडून हवा धांवते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें ती सरळ न येतां भोंवऱ्यासारखी वळते. आपल्या गोलार्धांत हें फिरणें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट असतें. अरबी समुद्रांत हीं वादळें मुख्यतः मोसमी पावसाच्या आधीं, म्हणजे मे-जूनमध्यें, आणि त्याच्या परतीनंतर, म्हणजे आक्टोबर-नोव्हेंबरांत होतात. पहिल्या मोसमांत आमचा आंबा झाडावर असतो, दुसऱ्यांत भात शेतांत असतें.

वादळ कोणत्या बाजूस आहे हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. वादळाचें केंद्र आपल्या डाव्या हातास असतें. वारा दक्षिणेचा असेल तर केंद्र पश्चिमेस, म्हणजे समुद्रांत आहे, असें समजावें.

कोंकण किनाऱ्यास अशीं वादळें नवीन नाहींत. सन १९२७ च्या ११ नोव्हेंबरास 'जयंती' व 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. सन १९४८ च्या नोव्हेंबरांत मुंबईस मोठें वादळ लागलें. सन २००९ मध्यें पुन्हां ११ नोव्हेंबरासच 'फयान' वादळ आलें व आपल्या जिल्ह्यांतील कित्येक मच्छीमार घरीं परत आले नाहींत. तथापि या आघातांमध्यें वर्षांचें अंतर पडे. एका पिढीची वाडी बहुधा एकच मोठें वादळ पाही. अलीकडे अरबी समुद्र अधिक तापूं लागला आहे, आणि हें अंतर कमी होत चाललें आहे. २०१९ मध्यें क्यार, २०२० मध्यें निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते, अशीं तीन वर्षांत तीन वादळें आपण पाहिलीं.

त्यांपैकीं केळशीवर खरा घाला पडला तो निसर्गाचा. ३ जून २०२० रोजीं, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधीं, हें वादळ दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता, व झोत १३० पर्यंत जात. त्याच दिवशीं रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' नांवाचें जहाज येऊन रुतलें. केंद्र रायगड जिल्ह्यांत गेलें, तरी त्याच्या दक्षिणेस असलेल्या केळशी, आडें, आंजर्लें, मुरूड या गांवांची व मंडणगड तालुक्याची हानि फार मोठी झाली. याचें कारण वर सांगितलेल्या नियमांत आहे. वादळ नैर्ऋत्येस असतां वारा आग्नेयेचा, तें समोर आलें कीं दक्षिणेचा, आणि उत्तरेस सरकलें कीं पश्चिमेचा होतो. एका दिशेच्या वाऱ्यानें हलवून सैल केलेलें झाड दुसऱ्या दिशेच्या वाऱ्यानें उपटलें जातें. त्यांत पोफळीचा सोट बारीक. रांगेंतील चार पडल्या म्हणजे मध्यें वाट होते, आणि त्या वाटेनें वारा आंत शिरून उरलेल्या मोडतो. कित्येक गांवीं वीज आठवड्यांनीं आली, आणि साथीच्या भयानें मुंबईहून परतलेले चाकरमानी आपल्याच घराचीं कौलें वेंचूं लागले.

भात गेलें तर पुढील वर्षीं भात येतें. पोफळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, बाणवली माडास सहा ते आठ, आणि जायफळ याहूनहि विलंब लावतें. म्हणजे साठींतल्या बागायतदारानें लावलेल्या रोपाचें पूर्ण उत्पन्न त्याच्या मुलानें खावयाचें. तो मुलगा तोंवर गांवांत राहील काय, हाच वादळानंतरचा खरा प्रश्न आहे.

आतां आमच्या परिचयाच्या विषयाकडे वळतों. निसर्गानंतर सरकारनें फळबागांची मदत हेक्टरीं ५०,००० रुपये केली. रक्कम ऐकावयास मोठी. परंतु गुंठा हा हेक्टराचा शंभरावा भाग, म्हणजे गुंठ्यास ५०० रुपये. किनाऱ्यावरील वाड्या गुंठ्यांनीं मोजावयाच्या. दहा गुंठ्यांच्या वाडीस ५,००० रुपये येतात. बागायतदारांनीं ओरड केल्यावर पुढें झाडावर मदत ठरली: पोफळीस ५० व माडास २५० रुपये. त्याच दहा गुंठ्यांत शंभर पोफळी व पंधरा माड पडले असतील, तर ५,००० व ३,७५० मिळून ८,७५० रुपये होतात. झाडावर हिशेब करणें अधिक न्यायाचें, यांत संशय नाहीं. परंतु त्याकरितां झाडें किती होतीं हें दाखवितां आलें पाहिजे.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्ही एकदां एका किनारी गांवीं पंचनाम्यास गेलों होतों. वाडी आडवी झाली होती, आणि वाट मोकळी करण्याकरितां पडलेलीं झाडें आधींच तोडून बाजूस केलेलीं. सातबारा पाहिला तर त्यावर झाडांची नोंदच नव्हती. खात्यावर हिस्सेदारांचीं सात नांवें, त्यांतील चार मुंबईस. वाडी राखणारा म्हातारा आम्हांस एकेका बुंध्यापाशीं नेऊन बोटानें मोजून दाखवीत होता. त्याचें मोजणें खरें होतें व आमचा कागद खोटा होता, हें आम्हांस कळत होतें. मागील वर्षाची पीकपाहणी पुढील वर्षीं तशीच उतरविण्याची रीत आम्हींहि पाळलेली आहे. तिचें फळ त्या दिवशीं त्या म्हाताऱ्याच्या पदरीं पडलें. त्यास मदत मिळाली ती उशिरानें व हक्काहून थोडी.

हें टाळणें आतां पुष्कळसें शेतकऱ्याच्याच हातीं आहे. सन २०२१ च्या आगस्टपासून आपली पीकपाहणी आपणच फोनवर नोंदविण्याची सोय झाली आहे. तींत फळझाडें व बांधावरचीं झाडेंहि लिहितां येतात. प्रत्येकानें आपलीं झाडें मोजून लिहावीं, वर्षांतून एकदां वाडीचीं छायाचित्रें काढून ठेवावीं, आणि सामाईक खात्यांतील हिस्सेदारांचीं संमतिपत्रें सुखाच्या दिवसांतच घ्यावीं. वादळानंतर आधीं छायाचित्र, मग कोयता.

लागवडीसंबंधीं दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. किनाऱ्याकडील बाजूस सुरू व उंडी यांच्या एकाहून अधिक ओळी असाव्या. अशी जिवंत भिंत आपल्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडते. तींत खिंडार मात्र पडूं देऊं नये, कारण खिंडारांतून वारा अधिक जोरानें येतो. आणि आमच्यासारख्या डोंगराकडील लोकांनीं जुन्या, फार उंच गेलेल्या आंब्यांची उंची शास्त्रोक्त छाटणीनें कमी करून, कापावर बोर्डो मलम लावून, त्यांस पुन्हां धरतें करावें. दापोलीचें कृषी विद्यापीठ ही रीत शिकवितें. ठेंगण्या झाडावर वाऱ्याची पकड कमी, व फळ उतरविणेंहि सोपें.

केळशीनें टेकडी, माड आणि गडगा यांच्या आधारानें आजवर दिवस काढले. वादळ अडविणें आपल्या हातीं नाहीं. आडोसा राखणें आणि आपल्या झाडांची खरी गणती कागदावर ठेवणें, या दोन गोष्टी आपल्या हातीं आहेत. येत्या मोसमापूर्वीं प्रत्येक सभासदानें निदान गणती तरी करावी, अशी आमची विनंती आहे.